वाळवंटी प्रदेशाची झपाट्याने वाढ : आधी मर्यादा ठरवावी, की आधी उत्पन्न येऊ द्यावे?

जिज्ञासा

नमस्कार.

गेल्या शंभर वर्षांत जगातील सर्वाधिक वेगाने वाढलेल्या शहरांपैकी काही शहरे नेमकी अत्यल्प पावसाच्या भूभागांत उभी राहिली. लास व्हेगास, फिनिक्स, दुबई, रियाध ही नावे सर्वपरिचित आहेत. लास व्हेगासला वर्षाकाठी जेमतेम दहा सेंटिमीटर पाऊस पडतो आणि तरीही त्या खोऱ्यात आज वीस लाखांहून अधिक लोक राहतात. थरच्या वाळवंटात शहरे तितकी पसरली नसली, तरी सौरऊर्जेमुळे तेथील जमिनीला अचानक आलेली मागणी ही त्याच प्रकारची वाढ आहे, असे मला वाटते.

या विषयावर वाचताना दोन भूमिका सतत समोर येतात. पहिली भूमिका अशी, की वाळवंटातील परिसंस्था इतकी मंद गतीने सावरते की पाणी आणि जमीन किती वापरायची याची मर्यादा वाढ सुरू होण्यापूर्वीच ठरली पाहिजे. एकदा वस्ती झाली, रोजगार आले, कर्जे काढून घरे घेतली गेली, की मग कोणतेही सरकार माघार घेऊ शकत नाही. दुसरी भूमिका म्हणते, की गरीब प्रदेशाला संवर्धन परवडत नाही. वाढीतून कर मिळतो, करातून सांडपाणी प्रक्रिया केंद्रे आणि अभयारण्ये उभी राहतात, म्हणून आधी उत्पन्न येऊ द्यावे आणि त्यातून निसर्गाचा खर्च भागवावा.

दोन्हींच्या मध्ये 'समतोल साधला पाहिजे' असे म्हणून लेख संपतात आणि माझी अडचण तेथेच सुरू होते. समतोल म्हणजे प्रत्यक्षात कोणता निर्णय, तो कोणी आणि केव्हा घेतला, आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे कोणी सांगत नाही. ज्यांनी या विषयाचा बारकाईने अभ्यास केला आहे, त्यांनी प्रत्यक्ष उदाहरणांसह लिहिल्यास मी ऋणी राहीन.

पाणवठा

प्रश्न योग्य ठिकाणी बोट ठेवणारा आहे. मी पाण्यापुरते लिहितो, कारण वाळवंटात बाकीचे सारे हिशेब अखेर त्यावर येऊन टेकतात.

लास व्हेगास हे उधळपट्टीचे प्रतीक म्हणून ओळखले जाते, पण पाण्याच्या बाबतीत या शहराकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. लास व्हेगास ज्यात येते त्या दक्षिण नेवाडाला सुमारे 90 टक्के पाणी कोलोरॅडो नदीवरील हूवर धरणाच्या लेक मीड या जलाशयातून मिळते. 1928 च्या कायद्यानुसार नेवाडाचा वार्षिक वाटा 3 लाख एकर-फूट, म्हणजे सुमारे 37 कोटी घनमीटर ठरला. शेजारच्या अ‍ॅरिझोनाला 28 लाख आणि कॅलिफोर्नियाला 44 लाख एकर-फूट मिळाले, यावरून हा वाटा किती तुटपुंजा होता हे लक्षात येईल. त्या वेळी तेथे वस्ती अगदी तुरळक होती, म्हणून कोणी जास्त मागितलेही नाही.

हाच तुटपुंजा वाटा पुढे शहराच्या पथ्यावर पडला, असे माझे मत आहे. पाणी वाढवून मिळणार नाही हे ठाऊक असल्यामुळे 1991 साली तेथील निरनिराळ्या पाणीपुरवठा संस्था आपसांतील भांडण मिटवून एका प्राधिकरणाखाली आल्या. घरात वापरलेले जवळजवळ सर्व पाणी प्रक्रिया करून पुन्हा लेक मीडमध्ये सोडले जाते आणि जितके परत सोडले तितके नव्याने उचलण्याची मुभा मिळते. म्हणजे आंघोळीचे, भांड्यांचे, शौचालयाचे पाणी वाट्यातून वजाच होत नाही. वजा होते ते बागेत मुरलेले आणि शीतक यंत्रांतून वाफ होऊन उडालेले पाणी. हे एकदा स्पष्ट झाल्यावर धोरण आपोआप ठरले. हिरवळ काढून वाळवंटी झाडे लावणाऱ्याला चौरस फुटामागे रोख अनुदान मिळू लागले. 2021 साली तर नेवाडाच्या विधिमंडळाने असा कायदा केला, की रस्त्यांचे दुभाजक, कार्यालयांची दर्शनी आवारे अशा ठिकाणच्या केवळ शोभेच्या हिरवळीला 2026 अखेरनंतर नदीचे पाणी देता येणार नाही. खेळाची मैदाने आणि स्वतंत्र घरांची अंगणे त्यातून वगळली. परिणाम असा, की 2002 नंतर लोकसंख्या साडेसात लाखांहून अधिक वाढली, तरी नदीतून होणारी निव्वळ उचल सुमारे 30 टक्क्यांनी घटली.

मात्र या यशाची एक बाजू सहसा सांगितली जात नाही. शोभेची हिरवळ होती तोपर्यंत दुष्काळात ती वाळू देता येत होती. ती काढून वाचलेल्या पाण्यावर नवी घरे बांधली, की पुढच्या दुष्काळात कपात करण्याजोगे काही शिल्लक राहत नाही, कारण आता प्रत्येक थेंब कोणाच्या तरी स्वयंपाकघरात जातो. काटकसरीने वाचलेले पाणी राखीव ठेवायचे की नव्या वाढीला द्यायचे, हा निर्णय काटकसर करण्यापूर्वीच झाला पाहिजे. लास व्हेगासनेही हा प्रश्न पूर्ण सोडवला आहे असे मी म्हणणार नाही.

अर्थबोध

मी दुसऱ्या भूमिकेच्या बाजूने काही मांडू इच्छितो, कारण ती अनेकदा तिच्या सर्वांत दुबळ्या रूपात मांडली जाते आणि मग सहज खोडून काढली जाते.

पहिली गोष्ट, वाळवंटात पाणी शहरे पितात हा समज बरोबर नाही. कोलोरॅडोच्या खोऱ्यात माणसाच्या थेट वापरातील सुमारे तीन चतुर्थांश पाणी शेतीला जाते आणि त्यातील फार मोठा भाग लसूणघासासारख्या गुरांच्या चाऱ्याला. एक घनमीटर पाण्यामागे शहरातील उद्योग जितका रोजगार देतो, त्याच्या जवळपासही चारापीक जात नाही. त्यामुळे शहर वाढले आणि त्याने शेतकऱ्याला मोबदला देऊन थोडे पाणी विकत घेतले, तर एकूण उपसा न वाढता उत्पन्न वाढू शकते.

दुसरी गोष्ट पैशाची. लास व्हेगासच्या भोवतालची बहुतेक जमीन केंद्र सरकारच्या मालकीची आहे. 1998 च्या एका कायद्याने तेथील ठरावीक सीमेच्या आतील जमीन लिलावाने विकण्याची परवानगी दिली आणि विक्रीच्या रकमेतील 5 टक्के राज्याच्या शिक्षणाला, 10 टक्के पाणी प्राधिकरणाला आणि 85 टक्के रक्कम संवर्धन, उद्याने व संवेदनशील जमिनींच्या खरेदीसाठी राखून ठेवली. अब्जावधी डॉलर या वाटेने निसर्गाकडे वळले. वाढच झाली नसती, तर हा निधी कोठून आला असता?

इस्रायलचे उदाहरणही द्यावे लागेल. तेथे सुमारे 85 टक्के किंवा त्याहून अधिक सांडपाणी प्रक्रिया करून पुन्हा वापरले जाते, प्रामुख्याने शेतीसाठी, आणि किनाऱ्यावरच्या निःक्षारीकरण (समुद्राचे खारे पाणी गोडे करणाऱ्या) प्रकल्पांतून पिण्याचे पाणी मिळते. ही यंत्रणा महाग आहे. ती श्रीमंत झालेल्या समाजालाच उभारता येते. मर्यादेचा आग्रह धरणाऱ्यांनी या खर्चाची तरतूद कशी करायची हेही सांगितले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

रानवाट

अर्थबोध यांनी सांगितलेला 1998 चा कायदा मलाही महत्त्वाचा वाटतो, पण त्यात दडलेला पेच त्यांनी सोडून दिला. संवर्धनाचा निधी जमीन विकण्यावर अवलंबून ठेवला, की संवर्धन करणारी यंत्रणाच पुढच्या विक्रीची वाट पाहू लागते. सीमा बाहेर सरकवण्याची मागणी आली, की तिला विरोध करायचा कोणी?

पाणी परत आणता येते, पुन्हा वापरता येते. वाळवंटी जमिनीचे तसे नाही. लास व्हेगास ज्यात वसले आहे त्या मोहावे वाळवंटातील न तुडवलेली जमीन जवळून पाहिली, तर झुडपांमधल्या मोकळ्या वाटणाऱ्या जागेवर काळपट, खडबडीत, जराशी फुगलेली खपली दिसते. ती म्हणजे नील-हरित जिवाणू, दगडफूल आणि शेवाळ यांनी मातीचे कण एकत्र विणून तयार केलेला जिवंत थर असतो. तो वाऱ्याला माती उडवू देत नाही आणि हवेतील नायट्रोजन जमिनीत आणतो. एका गाडीचे चाक त्यावरून गेले, की तो भुगा होतो आणि पूर्ववत व्हायला कित्येक दशके लागतात. दुसऱ्या महायुद्धात 1942 ते 1944 या काळात अमेरिकी सैन्याने तेथे रणगाड्यांचा सराव केला होता. त्यांच्या पट्ट्यांचे माग आजही ठिकठिकाणी ओळखू येतात.

त्याच वाळवंटातील कासवाची गोष्ट घ्या. हा प्राणी आयुष्याचा बहुतांश काळ स्वतः खणलेल्या बिळात काढतो आणि मादीला प्रजननक्षम व्हायला पंधरा वर्षांच्या आसपास लागतात. 1990 साली त्याला संकटग्रस्त म्हणून कायदेशीर संरक्षण मिळाले, तेव्हा लास व्हेगासचे बांधकाम ठप्प होण्याची वेळ आली. त्यातून जो मार्ग निघाला तो अभ्यासण्यासारखा आहे. 2001 साली लास व्हेगासच्या संपूर्ण क्लार्क परगण्यासाठी तीस वर्षांची एकत्रित योजना मंजूर झाली. 1,45,000 एकरांपर्यंत विकासाला मुभा, त्या बदल्यात बिल्डरने एकरी 550 डॉलर शुल्क भरायचे आणि त्या पैशांतून दूरच्या मोठ्या, सलग अधिवासांची राखण करायची. प्रत्येक भूखंडावर स्वतंत्र भांडण करण्यापेक्षा हे बरे, यात शंका नाही. आकडा आधी ठरला, त्यामुळे बिल्डरलाही अंदाज आला.

तरीही कासवांची संख्या त्यांच्या अधिवासाच्या मोठ्या भागात घटतच राहिली. कारण वस्तीचा परिणाम कुंपणाशी थांबत नाही. रेव्हन हा कावळ्याच्या कुळातील मोठा पक्षी पूर्वी त्या वाळवंटात विरळ होता. माणसांबरोबर उघडा कचरा आला, गळणारे नळ आणि सांडपाण्याची तळी आली, घरटे बांधायला विजेचे खांब आले. रेव्हनची संख्या कित्येक पटींनी वाढली. कासवाच्या पिल्लाचे कवच पहिली काही वर्षे मऊ असते आणि रेव्हनची चोच ते सहज फोडते. राखीव क्षेत्राच्या नकाशावर यातले काहीही दिसत नाही. म्हणून माझ्या मते जमिनीची मर्यादा केवळ एकरांत मांडून भागत नाही. वस्तीच्या कडेला कचरा कसा हाताळला जाईल, खांब कसे असतील, रस्ते कोठून जातील, हे त्या मर्यादेतच लिहिलेले हवे.

जिज्ञासा

तिघांचेही मनःपूर्वक आभार. आता प्रश्न थोडा नेमका करतो. नेवाडाला पाण्याची मर्यादा योगायोगाने वाढीपूर्वीच मिळाली. परंतु जेथे वाढ आधीच सुरू झाली आहे आणि तीही सौरऊर्जेसारख्या पर्यावरणाच्याच दृष्टीने हव्या असलेल्या उद्योगामुळे, तेथे काय करावे? थरची स्थिती जाणणाऱ्या कोणी लिहावे, अशी विनंती आहे. शिवाय शेतीचे पाणी शहराला विकण्याचा जो उपाय अर्थबोध यांनी सुचवला, त्याचे प्रत्यक्षात काय झाले, हेही पाणवठा यांनी सांगितल्यास बरे होईल.

मरुधरा

थरविषयी लिहितो. थोडे विस्ताराने लिहावे लागेल, कारण येथे दोन चांगल्या गोष्टी एकमेकींसमोर उभ्या आहेत आणि एकीला खलनायक ठरवून प्रश्न सुटत नाही.

पश्चिम राजस्थानात वर्षातील बहुतेक दिवस लख्ख ऊन असते आणि जमीन सपाट आहे. भडला येथील सौर पार्क सुमारे 5,700 हेक्टरवर पसरला असून त्याची क्षमता 2,245 मेगावॉट आहे. कोळशावरची वीज कमी करायची असेल, तर असे प्रकल्प लागणारच. पण याच प्रदेशात, मुख्यतः जैसलमेर जिल्ह्यात, माळढोकाची अखेरची मोठी वस्ती आहे. हा पक्षी आज देशभरात दीडशेपेक्षा कमी उरला आहे. मादी साधारणतः एका हंगामात एकच अंडे घालते, तेही उघड्या जमिनीवर.

वीजवाहिन्यांचा धोका नेमका कसा आहे हे समजून घ्यावे. माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात. जमिनीवरचा शत्रू ओळखायला ते उपयोगी, पण समोरचे त्याला फार अरुंद पट्ट्यात दिसते. उडताना तो बहुधा खाली पाहत असतो. आडवी तार दिसते तेव्हा अंतर थोडेच उरलेले असते आणि पंधरा किलोपर्यंत वजन भरणाऱ्या नराला ऐन वेळी वळता येत नाही. भारतीय वन्यजीव संस्थेने थरमधील सुमारे 4,200 चौरस किलोमीटर क्षेत्रासाठी केलेल्या अंदाजानुसार तेथे वीजवाहिन्यांमुळे वर्षाला सर्व जातींचे मिळून सुमारे 84,000 पक्षी मरतात. म्हणजे प्रश्न एकट्या माळढोकाचाही नाही.

19 एप्रिल 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने माळढोकाच्या क्षेत्रातील वाहिन्या शक्य तेथे भूमिगत करण्याचा आदेश दिला. तो राजस्थान आणि गुजरातच्या सुमारे 99,000 चौरस किलोमीटर भूभागाला लागू होत होता. सरकारने खर्च आणि उच्च दाबाच्या वाहिन्या जमिनीखालून नेण्यातील तांत्रिक अडचणी मांडल्या. 21 मार्च 2024 रोजी न्यायालयाने तो सरसकट आदेश बदलून तज्ज्ञ समिती नेमली आणि त्याच निकालात हवामानबदलाच्या दुष्परिणामांपासून संरक्षण हा राज्यघटनेच्या अनुच्छेद 14 आणि 21 मधून निघणारा हक्क मानला. हा निकाल काहींना माघार वाटला. मला तो पूर्णतः तसा वाटत नाही, कारण संपूर्ण प्रदेशाला एकच नियम लावण्यापेक्षा, जेथे पक्षी खरोखर वावरतो आणि प्रजनन करतो तेथे कठोर आणि इतरत्र सौम्य, असा नियम टिकण्याची शक्यता अधिक. पण त्याची एक अट आहे. कठोर क्षेत्राचा नकाशा प्रकल्पांना जमीन देण्यापूर्वी तयार हवा. थरमध्ये जमिनीचे वाटप आधी झाले, वाहिन्या त्यामागून आल्या आणि पक्ष्याचा विचार न्यायालयात झाला. आधी ठरवले असते, तर त्याच विजेसाठी वाहिनीचा मार्ग थोडा वळवून काम भागले असते; नंतर मात्र उभे मनोरे पाडून तारा जमिनीत पुरण्याची गोष्ट करावी लागते.

जमिनीच्या नोंदींचा प्रश्न तर त्याहून मुळाशी जाणारा आहे. थरमध्ये गावोगावी 'ओरण' नावाची राखलेली जंगले आहेत. आपल्या देवराईशी ती जवळची, फक्त त्यात चराईही चालते. लोकदेवतेच्या नावाने राखलेल्या या जमिनीत झाड तोडायचे नाही, असा रिवाज पिढ्यान्‌पिढ्या पाळला जातो. खेजडी, म्हणजे आपली शमी, बोर, केर यांची झाडे, सेवण गवत आणि पावसाचे पाणी धरणारी नाडी ही येथल्या उंट-मेंढ्यांची आणि त्यांवर जगणाऱ्या कुटुंबांची शिदोरी आहे. महसुली दप्तरात मात्र यांतील अनेक ओरणे सरकारी पडीक जमीन म्हणून नोंदलेली आहेत. पडीक म्हटले, की ती कोणत्याही प्रकल्पाला देता येते आणि आर्थिक हिशेबात तिची किंमत शून्य धरली जाते. गुरे चारणाऱ्याचे नुकसान कोठेच लिहिले जात नाही, कारण त्याच्या नावावर सातबारासारखा कागद कधी नव्हताच. तारेचे कुंपण पडले, की त्याच्या कळपाला वळसा घालून जावे लागते किंवा कळप विकावा लागतो.

18 डिसेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान सरकारला ओरणांची प्रत्यक्ष आणि उपग्रहाद्वारे पाहणी करून त्यांना वन म्हणून ओळख देण्याचे निर्देश दिले. हे काम प्रामाणिकपणे पार पडले, तर थरमधील निम्मी भांडणे प्रकल्पाचा प्रस्ताव येण्यापूर्वीच मिटतील, अशी माझी धारणा आहे. ज्या मुलखात 1730 साली खेजडली गावी खेजडीची झाडे वाचवताना बिष्णोई पंथाच्या 363 जणांनी प्राण दिले, तेथेच आज सौर पटलांसाठी खेजडी तोडली जाते म्हणून लोकांना आंदोलने करावी लागतात. याचे मला मनापासून दुःख होते. खेजडीची सावली पटलांवर पडते हे खरे आहे. परंतु प्रकल्पाच्या आराखड्यात जुन्या झाडांचे पुंजके वगळून पटलांच्या रांगा आखता येतात; थोडी क्षमता कमी होते, इतकेच. ती घट निविदेच्या अटींतच धरली, तर सर्व कंपन्यांना ती समान लागू होईल आणि झाडे राखणारी कंपनी स्पर्धेत मागे पडणार नाही.

पाण्याबद्दल एक वाक्य. धुळीने माखलेली पटले धुण्यासाठी लागणारे पाणी वाळवंटात कोठून आणायचे हा प्रश्न होता. भडल्यासारख्या ठिकाणी कोरड्या ब्रशने साफ करणारी यंत्रे आल्यामुळे तो बराच हलका झाला आहे. अट घातली, की तंत्र मिळते.

पाणवठा

मरुधरा यांचा प्रतिसाद वाचून समाधान वाटले. जिज्ञासा यांनी मला विचारलेल्या मुद्द्याकडे येतो.

शेतीचे पाणी शहराकडे वळवण्याचा सर्वांत मोठा प्रयोग कॅलिफोर्नियात झाला. 2003 साली इंपिरियल खोऱ्यातील सिंचन मंडळाने सॅन डिएगोला पाणी देण्याचा दीर्घ मुदतीचा करार केला. शेतकऱ्यांना मोबदला मिळाला, शहराला पाणी मिळाले, नदीवरचा भार वाढला नाही. अर्थबोध म्हणतात तसे सारे घडले. पण त्या खोऱ्यातील शेतांतून वाहून जाणाऱ्या पाण्यावर सॉल्टन सी हे विस्तीर्ण खारे सरोवर टिकून होते. शेतीत काटकसर झाली तशी त्याची आवक घटली, पाणी अधिक खारट झाले, मासे आणि त्यांवर जगणारे स्थलांतरित पक्षी कमी झाले आणि उघड्या पडलेल्या तळाची धूळ आसपासच्या गरीब वस्त्यांच्या छातीत जाऊ लागली. करार करणाऱ्या दोन्ही पक्षांना लाभ झाला आणि तोटा तिसऱ्याच्या वाट्याला आला.

त्याच राज्यात याची पूर्वसूचना मिळालेली होती. 1913 साली लॉस एंजेलिसने कालव्याने ओवेन्स खोऱ्याचे पाणी नेले. 1920 च्या दशकात ओवेन्स सरोवर कोरडे पडले आणि पुढे ते अमेरिकेतील सूक्ष्म धुळीचे सर्वांत मोठे एकल उगमस्थान ठरले. ती धूळ बसवण्यासाठी शहराच्या जलविभागाला आतापर्यंत 2 अब्ज डॉलरहून अधिक खर्च करावा लागला आहे. 'आधी उत्पन्न, मग निसर्ग' या वाटेचा खर्च सुमारे शंभर वर्षांनीसुद्धा संपत नाही, तो असा.

निःक्षारीकरणाबाबतही एवढेच, की संयुक्त राष्ट्रांच्या विद्यापीठाने 2019 साली मांडलेल्या अंदाजानुसार एक लिटर गोड्या पाण्यामागे सरासरी दीड लिटर अतिखारे पाणी तयार होते आणि त्यातील निम्म्याहून अधिक इराणच्या आखाताभोवतीच्या चार देशांत. त्यातील बरेच पाणी उथळ आखातातच सोडले जाते. इस्रायलच्या यशामागेही यंत्रांइतकाच 1959 चा कायदा आहे, ज्याने देशातील सारे पाणी सार्वजनिक मालकीचे ठरवले; उपसा मीटरने मोजण्याचा कायदा तर त्याच्याही आधी, 1955 साली झाला होता. हे दोन्ही कायदे देश श्रीमंत होण्यापूर्वी झाले, हे अर्थबोध यांनी लक्षात घ्यावे.

आता वाढ सुरू झाल्यावर मर्यादा घालता येते का? अ‍ॅरिझोनाने 1980 साली ती घातली. भूजल कायद्यानुसार फिनिक्ससारख्या नियंत्रित क्षेत्रात नवी वसाहत बांधणाऱ्याला शंभर वर्षे पुरेल इतके पाणी असल्याचे दाखवावे लागते. जून 2023 मध्ये राज्याच्या अभ्यासातून असे निघाले, की पुढील शंभर वर्षांत फिनिक्स क्षेत्रातील भूजलाच्या मागणीपैकी सुमारे 4 टक्के भागवता येणार नाही. तेव्हा केवळ भूजलावर विसंबणाऱ्या नव्या वसाहतींना परवाने देणे थांबले. शहराची वाढ त्यामुळे बंद पडली नाही. बिल्डरांना पुनर्वापराचे किंवा दुसऱ्या स्रोताचे पाणी शोधावे लागले. कायदा चाळीस वर्षांनीही खरा ठरला, याचे मला कौतुक वाटते.

पण त्याच कायद्यातील पळवाटाही पाहा. जमिनीचे पाच किंवा त्याहून कमी तुकडे केले, तर ती वसाहत मानली जात नाही आणि शंभर वर्षांची अट लागत नाही. या वाटेने फिनिक्सलगतच्या स्कॉट्सडेल शहराजवळ रिओ व्हर्दे फुटहिल्स ही वस्ती घराघराने वाढत गेली. तेथील शेकडो कुटुंबे शहराच्या जलकेंद्रावरून टँकरने पाणी आणत होती. दुष्काळात स्कॉट्सडेलने आपल्या हद्दीबाहेर पाणी देणे बंद करण्याचे ठरवले आणि 1 जानेवारी 2023 पासून ते बंद झाले. नवीकोरी, ऐसपैस घरे. आणि आत माणसे कागदी ताटल्यांत जेवत होती, पावसाचे पाणी शौचालयासाठी साठवत होती. नियंत्रित क्षेत्रांबाहेरच्या ग्रामीण भागात तर 1980 पासून उपशाला मर्यादाच नव्हती. तेथे मोठ्या शेती कंपन्यांनी खोल विंधनविहिरी घेतल्या आणि शेजारच्या लहान घरांच्या विहिरी आटल्या.

जिज्ञासा, त्यामुळे आपल्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की उशिरा घातलेली मर्यादाही चालते; मात्र ती लहान तुकड्यांना, ग्रामीण विहिरींना आणि सरकारी प्रकल्पांना सारखीच लागू असली पाहिजे. आणि करार करताना सॉल्टन सीसारख्या तिसऱ्या पक्षासाठी पाण्याचा वाटा त्याच कागदावर लिहिलेला हवा. कोलोरॅडोवरील टंचाईच्या वाटपाची 2007 ची नियमावली 2026 अखेर संपते आहे. 1922 साली नदीचे पाणी वाटून घेतले गेले, तेव्हा आधारासाठी घेतलेली वर्षे नेहमीपेक्षा ओली होती, म्हणजे नदीत असते त्याहून अधिक पाणी कागदावर वाटले गेले. नव्या नियमावलीत प्रत्यक्ष प्रवाहाच्या प्रमाणात वाटे ठरतात की जुनेच आकडे थोडे खालीवर केले जातात, याकडे वाळवंटात वाढू पाहणाऱ्या प्रत्येक प्रदेशाने लक्ष ठेवावे.